खाटेवरून दिसलेलं लग्न

कैलासपतीच्या फुलांचा वास आला की राणीची बाग आठवते. साखरपुड्यानंतर आम्ही दोघं तिथे त्या झाडाखाली बसलो होतो. थेट खोडातून फुटलेली एवढाली फुलं मी पहिल्यांदाच बघत होते. लग्न ह्यांच्या गावी, कोकणात ठरत होतं. माझे वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांना तिथे नेणं शक्य नव्हतं. तेवढं मी सांगितलं. शेंगा सोलता सोलता हे म्हणाले, "मग तुमच्या चाळीच्या गॅलरीतच लावू. खाटेवरून दिसेल त्यांना." "आणि तुमची आई?" "ओरडेल. मग नथ घालून सगळ्यांच्या आधी येईल." मी फुलं सोडून ह्यांच्याकडेच बघत राहिले. वडिलांनी खाटेवरूनच अक्षता टाकल्या. पुढे आमची भांडणं पुष्कळ झाली, पण एवढी मोठी गोष्ट हे इतक्या सहज कसे बोलून गेले, याचं नवल मला अजून वाटतं.