कोट घालून ओट्यावर बसलेले कोंडिबामामा

ती अक्कल माझीच. दुसऱ्या कुणाच्या नावावर मला ती खपवायची न्हाई.

कोंडिबामामा आमचे शेजारी. तीस वर्सं दौंडात रेल्वेची गँगमनी केली आन् आमच्या भिंतीला भिंत लावून दोन खोल्या बांधल्या, पायासुद्धा स्वतः खांदला. मला लेकीवाणी मानायचे. "मालन, तुझी जीभ म्हंजी कात्री," म्हणून हसायचे.

भागुबाईमामींना डोळ्यांनी दिसंनासं झालं, तवा पिंपरीच्या कंपनीत असलेल्या चांगदेवानं आईबापाला बोलावून घ्यायचं ठरवलं. पण घर रिकामं टाकून जायला मामांचा जीव धजंना. "बंद घरात आधी घुशी शिरत्यात, मग माणसं," म्हणायचे. म्हणून घर विकायला काढलं.

आन् नेमकं त्या अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत फ्लूनं गल्ली धरली. घरटी एक माणूस आडवं. मामांनी लई जपलं बघा. उकळलेलं पाणी, तुळस-आल्याचा काढा, निलगिरीची वाफ, बाहेर निघालं की नाकातोंडाला उपरणं. पण घर बघायला येणाऱ्याला दारातनंच परत कसं लावायचं? बसा म्हणायचं, चहा टाकायचा. एका बाबानं तर खोकत खोकत सगळं घर बघितलं, माळासुद्धा सोडला न्हाई. तिसऱ्या दिशी मामांना ताप भरला.

डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस अंथरूण सोडायचं न्हाई, वारा लागू द्यायचा न्हाई." त्यातच दोन गिऱ्हाइकं आली, अंथरूण बघून दारातनंच फिरली. "ह्या घराला आजारपण हाय," म्हणत गेली मेली! मी असली भडकले. म्हणलं, "मामी, आता कुणी आलं तर अंथरूण माझ्याकडं टाका आन् मामांना कोट घालून ओट्यावर बसवा. धडधाकट माणूस दारात दिसला की घर आपसूक विकतंय." गरजवंताला अक्कल नसती म्हणत्यात. त्यांनी माझं ऐकलं.

भांडगावचे सोपान गुरुजी साथीच्या आधी एकदा घर बघून गेले व्हते. पोरांच्या शाळेसाठी त्यांना दौंडात घर पायजे व्हतं. मंगळवारी ते सायकलीवरनं येताना दिसले. मी धावत जाऊन अंथरूण उचललं, मामींनी कोट चढवला. मामा ओट्यावर बसले. अंग तव्यावाणी तापलेलं, समोरनं गार वारा, तरी अर्धा तास हसून बोलले. खोकला गिळत व्हते, मला दिसत व्हतं.

गुरुवारी गुरुजी परत आले. परत कोट, परत ओटा. घराचा शब्द न्हाई, नुसत्या गप्पा. मी मामींना म्हणलं, "पक्कं गिऱ्हाईक असंच असतंय. घाई दावत न्हाई." रविवारी तिसऱ्यांदा आले. त्या दिशी मामा कसेबसे बसले. गुरुजी गेले आन् मामांचा श्वास कोंडला. दवाखान्यात नेलं, पण बुधवारी तिथंच वारले.

दहाव्याच्या दिवशी गुरुजी आले. मी तर पेटलेच व्हते. सगळ्यांसमोर म्हणलं, "गुरुजी, घर घ्यायचं तर एकदाच सांगायचं व्हतं! तीन-तीनदा आजारी माणसाला कशाला उठवलंत?"

गुरुजी गोंधळले. "ताई, मी कुठं उठवलं? घर तर मला पहिल्याच दिवशी पसंत पडलं होतं. मामा आजारी आहेत असं स्टेशनावर कळलं, म्हणून समाचाराला येत होतो. आजारी माणसाच्या दारात घराचा विषय कसा काढायचा? आलो की मामा आपले कोट घालून बाहेर बसलेले. मला वाटायचं, चला, बरे होतायत. शेवटी वाटलं, आता पुढच्या वेळी बोलू."

समाचाराला! आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस, आन् आम्ही त्याच्यापासनं आजार लपवत बसलो.

चांगदेव भिंतीकडं तोंड करून रडायला लागला. मामींनी हात चाचपत माझा हात धरला. म्हणाल्या, "रविवारी ते मला म्हणले व्हते गं, भागू, आज नको उठवू. मीच त्यांच्या बगलंत हात घातला."

दुसऱ्या बगलंत माझा हात व्हता.