आहुप्याचे आजोबा दोनदा उतरले

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. लोणारच्या सहलीत माझी चोरी एका अनोळखी आजोबांच्या नावावर गेली.

आमच्या डिंगोऱ्याहून निघालेल्या बसमध्ये ते माझ्या शेजारी होते, आहुपे गावचे. नाव विचारायचं राहूनच गेलं. खाऱ्या पाण्याचं ते सरोवर वरून दिसताच ते पोरासारखे ओरडले, "आरं, केवढं हे! बघा की पावणं!" खाली झाडीत देवीचं देऊळ आहे, असं गाईडनं सांगताच त्यांनी चपला वरच काढल्या. "आमच्या देवराईत अनवाणीच जात्यात. तिथली वाळकी काडीबी घरी न्यायची न्हाई."

त्यांच्यामागं उतरताना मलाही उधाण आलं. गाईडनं तिथला दगड लोहचुंबकाला चिकटवून दाखवला आणि नेऊ नका म्हणून बजावलं. मी एक उचललाच. वर आल्यावर गाईड पिशव्या तपासू लागला, तेव्हा घाबरून मी दगड आजोबांच्या पिशवीत सरकवला.

दगड निघाला. "काय आजोबा, काडीबी न्यायची न्हाई ना?" बसमधल्या एकानं टोमणा मारला. सगळे हसले. आजोबांनी एकदा माझ्याकडं बघितलं. "देवीचं हाय, तिचं तिला देऊन येतो," म्हणाले आणि भर उन्हात पुन्हा अनवाणी उतरले.

बऱ्याच वेळानं धापा टाकत आले, चेहरा फुललेला. "लई भारी, राव! तुमचं एकदा, माझं दोनदा दर्शन झालं!"

डिंगोऱ्यात अजून त्यांच्या चोरीचा किस्सा रंगवून सांगतात. तो दगड मी उचलला होता, हे त्याच लोकांसमोर सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.