बाबांचा लांब पेचकस

गिअर ऑइलचा जळका वास आला की आजही ती संध्याकाळ आठवते.

मोर्शीच्या एका संत्रेवाल्याची पिकअप शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या दगडावर खालून आदळली होती. आमच्या गॅरेजात बाबा तिच्याखाली शिरले. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक चालू गिअरबॉक्सला आणि मूठ कानाला लावून, नेहमीसारखे डोळे मिटून ऐकत राहिले.

“काई नाई, ठीक हाय.”

मला तर घरघर दारातून ऐकू येत होती. गिऱ्हाइकासमोरच बोललो, “बाबा, तुमाले आयकू येऊन नाई राह्यलं काय?”

ते बाहेर आले. पेचकस पुसून माझ्या हातात दिला. त्यानंतर ते कधीच गाडीखाली गेले नाहीत.

संध्याकाळी गिअरबॉक्स खोलला. आतून जळकं ऑइल आणि गिअरचा तुटका दाता निघाला. तो बाबांना दाखवायला मी केवढ्या हौसेनं पळत गेलो होतो!