दिग्गीचेच अर्ज का अडकतात?

“दिग्गीच्याच लोकांचे अर्ज कसे अडकतात, अक्का? बाकीच्यांचे बरे जातात!”

जोयड्याच्या सेवा केंद्रात सेक्रेटरी हे तिसऱ्यांदा विचारत होते. केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे ते प्रमुख. शांताक्का कॉम्प्युटरसमोर ताठ बसल्या होत्या. लोकांचे अर्ज ऑनलाइन भरायचं काम त्या एकट्याच करतात.

“मी भरल्यात. सेव्ह दाबलंय. पुढं ते चाक फिरत ऱ्हातंय, त्येला मी काय करू?”

“लॉगमध्ये तसं नाही.” सेक्रेटरींनी कागद माझ्याकडे सरकवला. लॉग म्हणजे कॉम्प्युटर स्वतः लिहितो ती डायरी. “तुमच्याच कंपनीचा लॉग. अर्ज उघडला, ऑपरेटर शांता. सेव्ह केल्याची नोंद नाही. अकरा अर्ज, अकराही दिग्गीचे. ह्यांच्या सासरचं दिग्गीवाल्यांशी जुनं भांडण आहे. सोमवारी मीटिंग. तुमचा रिपोर्ट बघून ह्यांना ठेवायचं की काढायचं ते ठरेल.”

मी रामनगरची. केंद्राचं सॉफ्टवेअर चालवणारी आमची कंपनी बेंगळूरची, माझं काम घरून. जवळ राहते म्हणून मला पाठवलं होतं. खरं सांगते, पहिला संशय मलाही अक्कांचाच आला. अकराच्या अकरा एकाच गावचे, हा योगायोग कसा?

मी त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसले.

“पोलिसासारखी पाठीमागं काय बसलीयास? म्होरं ये. च्या घे.”

जोयड्यातली माणसं सकाळीच येऊन गेली. पावणेएकला दिग्गीची बस आली. पुढचा सव्वा तास फक्त तिचीच माणसं. एकच्या सुमारास अक्कांनी एका म्हाताऱ्याचा अर्ज माझ्यासमोर भरला, सेव्ह दाबलं. चाक फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. त्याच्या मागचे तीन अर्ज बिनबोभाट गेले.

“आता लिव तुझ्या वहीत,” अक्का म्हणाल्या, “शांतानं काय दाबलं त्ये.”

संशय अक्कांवरून उठला आणि थेट माझ्या मॅनेजरवर जाऊन बसला.

कारण असं. केंद्राचं सॉफ्टवेअर खऱ्या कॉम्प्युटरवर चालत नाही. बेंगळूरला आमची मोठी मशीन आहेत, त्यांना होस्ट म्हणतात. एका होस्टच्या पोटात वीस-बावीस नकली कॉम्प्युटर चालतात. ती व्हर्च्युअल मशीन. प्रत्येकाला वाटतं, मिळालेली मेमरी पूर्ण आपली. मेमरी कमी पडली की होस्ट तिचे न लागणारे तुकडे, म्हणजे पेज, डिस्कवर टाकतो. पुढे कुणी तेच पेज मागितलं आणि ते जागेवर नसलं, की झाला पेज फॉल्ट. पूर्वी पेज येईपर्यंत व्हर्च्युअल मशीनचा प्रोसेसर थांबून राहायचा. आता होस्ट सांगतो: वेळ लागेल, हा नंबर घे, मागणारं काम झोपव आणि दुसरं कर. पेज आलं की तो नंबर पुकारला जातो आणि झोपलेलं काम उठतं. याला असिंक्रोनस पेज फॉल्ट म्हणतात. अक्काही तेच करतात. झेरॉक्स विसरलेल्याला दुकानात पिटाळायचं आणि पुढच्याला घ्यायचं.

मी लॅपटॉपवरून केंद्राच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये शिरून पाहिलं. म्हाताऱ्याचं काम नंबर घेऊन झोपलं होतं. ते उठलंच नव्हतं.

मॅनेजरना फोन लावला.

“सर, होस्टवर आहे त्याहून जास्त मेमरी आपण विकलीय.”

“सगळेच विकतात. जोयड्यात नेट नसतं. नेटवर ढकल आणि मोकळी हो.”

“एका बाईची नोकरी जाणार आहे.”

“मग नेटवरच ढकल ना. बाई सुटली.”

माझं डोकं तडकलं. मी सगळ्या टीमला दोन पानी मेल पाठवला. नफेखोरी, लबाडी, ग्राहकाची फसवणूक, सगळे शब्द वापरले. मॅनेजरचं उत्तर छोटं होतं: “पत्रक वाचलं. आता पुरावा पाठव. मेमरी कमी पडली तर काम हळू होतं. कायमचं झोपत नाही.”

राग आला. पण म्हणणं बरोबर होतं.

मग मी बाराही अर्जांच्या वेळा काढल्या. सगळे एक ते दोनमध्ये अडकलेले. एक वाजता, ग्राहक जेवायला उठतात तेव्हा, आम्ही व्हर्च्युअल मशीन चालू ठेवूनच एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवतो. जुन्या होस्टनं दिलेले नंबर नव्या होस्टला माहीत नसतात. म्हणून तिथं पोचल्यावर एकदाच सगळ्यांना हाक मारायची असते: उठा, पुन्हा मागा. हलवण्याच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ते काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, ती ओळ होती. कुणीतरी ती बंद केली होती. शेजारी शेरा होता: ‘गरज नाही. उगाच सगळे उठतात.’

शेरा माझा होता.

दिग्गीवाल्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांची बस पावणेएकला येते. आणि लॉगमध्ये सेव्हची नोंद सेव्ह पूर्ण झाल्यावरच पडते. झोपलेलं काम नोंद कशी करणार?

ओळ चालू केली. दुसऱ्या दिवशी एक ते दोन अक्कांशेजारी बसले. एकही अर्ज अडकला नाही.

“सर, चूक माझी होती.”

“तो मेल सगळ्यांना गेला होता ना?” मॅनेजर म्हणाले. “हाही सगळ्यांनाच जाऊ दे.”

गेला. जास्त विकलेल्या मेमरीबद्दलचं म्हणणं मात्र मी मागे घेतलं नाही.

सोमवारी कंपनीचा छापील रिपोर्ट घेऊन जोयड्याला गेले. ‘तांत्रिक अडचणीमुळे काही अर्ज प्रलंबित राहिले.’ अक्कांनी तो दोनदा वाचला.

“चुकी कुणाची हाय ह्यात?”

“माझी, अक्का.”

“सायबांच्या त्या लॉगच्या कागदावर माझं नाव अकरा येळा हाय. ह्येच्यात तुझं एकदा बी न्हाई?”

मी तिथंच पेन काढलं. काय बंद केलं, का केलं, ते खाली लिहून सही केली. सेक्रेटरींनी कागद फाईलला लावला. “ठीक आहे. अक्का राहतील. विषय संपला.”

“संपला न्हाई,” अक्का म्हणाल्या. “बारा जणांस्नी परत बस धरून याया लागणार. त्येंचं माझं भांडान हाय न्हवं? मग दिग्गीला फोन तुमीच लावा, सायेब. माझ्याम्होरं लावा.”

त्यांनी लावला.

आता सेव्ह दाबल्याक्षणी नोंद पडते, ते मी बदललं. आणि कुठलाही लॉग हातात आला की त्यात कुणाचं नाव आहे हे मी नंतर बघते. कुणाचं नाव त्यात येऊच शकत नाही, ते आधी. माझं येत नव्हतं.