इब्रीचं दुकान कुणाचं

मार्च २०१७, शुक्रवार, सकाळी अकरा. स्थळ: मस्कतच्या गाला भागातला आमचा फ्लॅट. हजर: मी, माझा नवरा, मराठी मंडळाचे पुणेकर खजिनदार आणि इब्री गावाहून आलेले दुकानदार. गैरहजर: बाकीची समिती. त्यातले दोघं कायमचे भारतात परतले होते. तिसऱ्याला आदल्या आठवड्यात कंपनीनं घरी बसवलं होतं, त्याला बैठकीचा फोन करायला कुणी धजावलं नाही.

काम पुस्तिकेचं होतं. ओमानला नव्यानं येणाऱ्या मराठी माणसाच्या हातात देशाची थोडी माहिती असावी, म्हणून मंडळानं ठरवलेली चार प्रकरणं: भूगोल, लोक, राज्यकारभार, अर्थव्यवस्था. सचिव मी, त्यामुळे तारखा ठरवायच्या मी आणि लोकांच्या मागे लागायचं मी. तेलाचे भाव पडल्यापासून नवं माणूस येणं जवळपास थांबलं होतं, ही गोष्ट मलाही दिसत होती. पण घेतलेलं काम संपवावं, एवढंच मला येतं.

भूगोल नवऱ्याकडे. तो सर्व्हेचं काम करतो. त्यानं समुद्र, डोंगर, पावसाळी लोंढ्यांच्या कोरड्या वाद्या असं सगळं वाचून दाखवलं आणि कर्कवृत्ताशी थांबला. "हे मस्कतच्या जरा खालून जातं. म्हणजे आपण उष्ण कटिबंधाच्या बाहेर आणि इब्री आत."

"मग मस्कतवाल्यांनी एसी बंद करावेत की," इब्रीवाले म्हणाले.

ते रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचे, मुसलमान, पन्नाशी ओलांडलेले. इब्रीच्या बाजारात त्यांचं नळ, पाइप आणि खजुराच्या बागांना लागणाऱ्या पंपांच्या सामानाचं दुकान. गालातल्या ज्या कंपनीचं स्टोअर मी सांभाळते, तिथून ते माल न्यायचे. आमची ओळख तिथली.

मग पुणेकरांनी राज्यकारभार वाचला. त्यांची सगळी नोकरी एका कंपनीच्या सरकारी कागदपत्रांत गेलेली. "परदेशी माणसाचा व्हिसा अर्बाबाच्या, म्हणजे मालकाच्या नावावर असतो. दुसरीकडे काम धरायचं तर त्याची ना-हरकत लागते. ती नसेल तर देश सोडावा लागतो आणि दोन वर्षं परत येता येत नाही. दुकान चालवणारा कुणीही असो, परवाना सहसा ओमानी माणसाच्या नावावर. म्हणून प्रत्येक व्यवहार लेखी असावा." शेवटचं वाक्य त्यांनी चष्म्यावरून इब्रीवाल्यांकडे बघत वाचलं.

'लोक' हे प्रकरण इब्रीवाल्यांकडे होतं. एकच पान. "इथला माणूस कमी बोलतो. बोलला तर त्याचा शब्द कागदापेक्षा जड."

"तुमचा कागद कुठाय पण?" पुणेकर म्हणाले.

"नाही."

"काहीच नाही?"

"अर्बाब दुकानात आला, काउंटरवर चावी ठेवली. म्हणाला, दुकान तू चालव, महिन्याचं माझं मला देत जा. झालं. वीस वर्षं झाली वर."

"आणि अर्बाब आता...?"

"गेल्या महिन्यात वारला."

एवढी मोठी गोष्ट ते चहाबरोबर सांगत होते. नवऱ्यानं विचारलं, मुलगा आहे का. "आहे ना. मला काका म्हणतो. लहान होता तेव्हा माझ्या काउंटरवर बसून चिप्स खायचा."

पुस्तिका बाजूला राहिली. मी मुद्दे मांडले. परवाना आता मुलाकडे जाणार. यांच्या व्हिसाची मुदत उन्हाळ्यात संपणार. म्हणजे मुलाशी लेखी करार तरी हवा, नाहीतर ना-हरकत तरी. सांत्वनाला जायचंच आहे, तेव्हाच बोलून घ्यायचं. करार अरबीत टाइप करून घ्यायचं काम पुणेकरांना दिलं. फाइल मी सांभाळायची.

पुढच्या शुक्रवारी इब्रीला गेलो. निझवा आणि बहला ही गावं मागे पडली की रस्ता सरळ होतो आणि दोन्ही बाजूंना काही उरत नाही. गाडीत मी सगळ्यांना आपापली वाक्यं वाटून दिली. आधी कोण बोलणार, कागद कधी पुढे करायचा, मुलगा नाही म्हणाला तर काय.

अर्बाबाच्या घराच्या दारात चपला काढल्या आणि सगळी योजना तिथेच संपली. पुरुष मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत गेले. मला मुलाची बायको हात धरून आत बायकांच्या खोलीत घेऊन गेली. फाइल माझ्या काखेत.

गालिच्यावर बसून मी खजूर खाल्ला, कॉफी घेतली. पुरे झाल्यावर कप हलवून परत द्यायचा, तेही केलं. मधल्या भिंतीपलीकडून आवाज येत होते, शब्द नाही. मुलाच्या बायकोला टीव्हीवरून शिकलेलं बरंच हिंदी येत होतं. सासरा कसा गेला ते तिनं सांगितलं. मग म्हणाली, "ये भी जनवरी से घर पे हैं. तेल की कंपनी में थे. सबको निकाला." तिचं लहान मूल माझ्या फाइलचं रबर ओढत होतं. मी ओढू दिलं. पलीकडे काय ठरणार ते मला तेव्हाच कळलं. कागद बाहेर काढावा असं काही उरलंच नव्हतं.

परतताना पुणेकरांनी सांगितलं. मुलगा रडला. म्हणाला, "काका, नोकरी असती तर मी दुकानाकडे वळून पाहिलं नसतं. आता माझ्याकडे तेवढंच आहे." दुकान दोन घरांना पुरणारं नाही. तो स्वतः बसणार. तीन महिने काकांनी शिकवावं, परतीचं तिकीट तो काढील.

"आणि ना-हरकत?"

"ती द्यायला तयार आहे हो. पण ती दाखवायची कुणाला? ना-हरकत खिशात घालून फिरणारे दहा जण मी आज दाखवतो तुम्हाला."

इब्रीवाले आमच्याबरोबर कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपापर्यंत आले होते. उतरताना म्हणाले, "त्याचं काय चुकलं? त्याच्या बापाचंच दुकान." आणि दुपारचं दुकान उघडायला गेले.

मे महिन्यात ते मुलाला घेऊन आमच्या स्टोअरमध्ये आले. काउंटरवरचा आमचा सहकारी त्यांना पूर्वीपासून गमतीनं अर्बाब म्हणायचा. त्यानं लांबूनच हाक मारली, "क्या अर्बाब, नया हेल्पर रख लिया?"

"उल्टा है," इब्रीवाले हसत म्हणाले. "मैं इनका आदमी हूँ."

मुलगाही हसला. एकेका सुट्या भागाचे मोबाइलवर फोटो काढत होता, खोकी स्वतः उचलत होता. काका त्याला सांगत होते, "पंपाचं सील इथूनच घे. बाहेर चिनी देतील आणि जपानी सांगतील." मुलगा गाडीत माल भरायला गेला तेव्हा ते मला म्हणाले, "वहिनी, एक काम होतं."

"सांगा."

"गावात दुकान माझं आहे."

मला कळेना. त्यांनी समजावलं. सुरुवातीला ते घरी सांगायचे, दुकानात आहे. काही वर्षांनी लोक म्हणायला लागले, दुकान आहे. त्यांनी दुरुस्त केलं नाही. आता मुलीचं दापोलीकडे ठरलं होतं, माणसं चांगली, आणि बोलणी झाली ती बापाचं ओमानला दुकान आहे म्हणून.

"भाभींना तरी माहीत आहे ना?"

"तिलाच तर नाही. तुम्ही सांगा. तुम्ही एक, दोन, तीन करून सांगता, समोरच्याला पटतं. माझ्या तोंडून निघायचं नाही."

मी हो म्हटलं. तारीखही ठरवली: ईद झाली की लगेच. सणाआधी नको.

रमजानात ते गेले. विमानतळावर सोडायला मुलगा आला होता. बॅग त्यानंच उचलली, काकांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. इब्रीवाले हात हलवून आत गेले, ईदला जाणारी बाकीची माणसं जात होती तसेच.

ईद झाली. मी फोन करायच्या आधी भाभींचाच आला.

"वहिनी, यांचे गुडघे सुजलेत. डॉक्टर म्हणतो, आराम. म्हणून दुकानावर अर्बाबाच्या पोराला बसवलाय म्हणे. पोरगा कसा आहे हो? हात तर मारत नाही ना? तुम्ही एखाद्या शुक्रवारी जाऊन बघून या की. आपलं माणूस बघून गेलं की वचक राहतो."

मागे इब्रीवाल्यांच्या खोकल्याचा आवाज आला. ते ऐकत होते.

मी म्हणाले, "बघते."

हिवाळ्यात मुलीचं लग्न झालं, फोटो आले. त्यांच्या अंगावर नवा कोट, चेहरा वाळलेला. त्यानंतर दर ईदला भाभींचा फोन येतो, मुबारक झाल्यावर दुसरं वाक्य दुकानाचं. इकडे पुणेकरही भारतात परतले. पुस्तिकेचा भूगोल तेवढा पूर्ण आहे. अर्थव्यवस्था माझ्याकडे होती, तिच्या पहिल्या पानापुढे मी गेले नाही. रोज सकाळी स्टोअर उघडते तेव्हा समोरच्या रांगेत आणखी एखादं शटर बंद दिसतं.

या वर्षीच्या ईदला भाभींनी तिसरं वाक्य जोडलं. जावई ओमानला यायचं म्हणतोय. पुण्यात चांगल्या कंपनीत आहे, पण दुसऱ्याची चाकरी किती दिवस? आपलं दुकान असताना? यांना विचारलं तर उठून अंगणात जातात. त्यामुळे व्हिसाचे कागद कुठले लागतात ते मी पाठवावं. जावई या महिनाअखेर नोकरीचा राजीनामा देणार आहे.

कागद कुठले लागतात ते मला पाठ आहे. ते मी पाठवलेले नाहीत. रत्नागिरीला फोन करायचा आहे, महिनाअखेरच्या आत. एक, दोन, तीन मनात तयार आहेत. दुपारी भाभी झोपतात, संध्याकाळी तिथे पाहुणे असतात, शनिवार-रविवार जावई घरी आलेला असतो. फोन अजून केलेला नाही.