रेघेपर्यंतचं पाणी

गेल्या वर्षी पाय मोडून मी सहा आठवडे कुळगावच्या घरात पडून होते. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये मी काम करते; रिक्षातून उतरताना पाय वाकडा पडला आणि हाडच गेलं. वेळ जावा म्हणून नवऱ्याने उल्हासनगरहून सेकंडहँड टॅब आणून दिला. त्यावर मी ठोकळ्यांच्या जगाचा एक खेळ सुरू केला. लाकूड तोडायचं, खाण खणायची, भुतं आली की जीव वाचवायचा.

या खेळात कोणतं खनिज किती खोलीवर मिळतं ते ठरलेलं असतं. पण मी उभी आहे ती जमीनच किती उंचीवर आहे, हे मला कळत नव्हतं. शेजारी सासरे पेपर वाचत होते. त्यांची सगळी नोकरी सरकारी मोजणीत, उंची मोजायची लांब पट्टी धरण्यात गेलेली.

"बाबा, उंची कशी काढतात हो?"

"आधी न हलणारी खूण धर. समुद्र आहे का तिथे?"

"आहे."

"मग त्या पाण्यापासून मोजत वर ये. चढलीस की मिळव, उतरलीस की वजा कर."

मग रोज दुपारी मी खेळात चालायचे आणि ते वहीत आकडे लिहायचे. आठवड्याभराने एक डोंगर ओलांडून मी पलीकडच्या, खेळाने आपोआप घडवलेल्या दरीत उतरू लागले.

"आता चार ठोकळे उतरशील," ते म्हणाले. चारच उतरले. "डावीकडे ओढा लागेल." ओढा होता. "पुढे सपाट, मग तीन चढ."

मी थांबले. ते टॅबकडे बघतच नव्हते, खिडकीबाहेर बघत होते.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमचं गाव आहे ते."

त्यांचं गाव धरणात गेलं, एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं त्यांनी त्या दिवशी सांगितलं. पाणी कुठवर येणार याची चुन्याची रेघ मोजणीवाल्यांनी डोंगराच्या अंगाने मारत नेली, तेव्हा पट्टी बाबांच्याच हातात होती. "खाली आईने चूल पेटवलेली. धूर दिसत होता. रेघ त्या धुराच्याही वर होती."

एवढं बोलून ते उठले. त्या दुपारी आम्ही पुढे मोजलं नाही.

प्लास्टर निघालं, मी कामावर जाऊ लागले. दोनेक महिने टॅबला हात लावला नाही. मग एका रविवारी सकाळी उघडला, तर दरी पाण्याने भरलेली.

त्या खेळात बादलीभर पाणी ओतलं तर थोडं पसरतं आणि थांबतं. दरी भरायची तर जागोजागी, थरावर थर ओतत बसावं लागतं. कुणीतरी तसं बसलं होतं. मी बुडी मारली. तळाशी दगडांचे चौकोन होते, घराएवढे, प्रत्येकाला दाराची फट. एकोणीस मोजले. एकात चूल मांडलेली.

बाबा गॅलरीत गवार मोडत बसले होते.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"दुपारी तू नसतेस." त्यांनी मान वर केली नाही. "कोरडं बघवेना. रेघेपर्यंतच भरलंय, वहीत आकडा आहे, मोजून बघ."

मी काठाकाठाने फिरून मोजलं. एक ठोकळाही इकडेतिकडे नव्हता.

"पुसून टाकू का सगळं?"

"नको."

तेव्हापासून जेवताना ते मधूनच विचारतात, "पाणी किती?" मी टॅब उघडते आणि सांगते, "तेवढंच आहे." खेळातलं पाणी पावसाने वाढत नाही, हे मी त्यांना समजावलंय. ते मान डोलावतात.

यंदा जुलैत चार दिवस झड लागली होती. त्यांनी विचारलं. मी चपाती लाटत होते, तिथूनच म्हटलं, "तेवढंच."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "न बघता सांगू नकोस."

मी गॅस बंद केला, पिठाचे हात पुसले आणि टॅब घेऊन त्या काठावर उभी राहिले. दोनदा मोजलं.