द्राक्षासवाचा चमचा

आमचे हे दारू सोडून सरकारी दवाखान्यातून घरी आले, तेव्हा शेजारणीने विचारलं, "बरं वाटलं असेल ना गं?" मी हो म्हटलं. खरं तर मला काहीच वाटलं नव्हतं. इतकी वर्षं रडून, भांडून, उपासतापास करून झाल्यावर आत काही उरलंच नव्हतं. मी रिक्षातून त्यांची वळकटी उतरवून घेतली आणि डाळ शिजायला टाकली.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. सातपूरला कामगारांच्या वसाहतीत आमच्या दोन खोल्या होत्या. हे जवळच्याच एका कारखान्यात लेथ मशिनवर टर्नर होते. लेकाचं आजारपण काढायला म्हणून सासूबाई पिंपळगावहून येऊन राहिल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. लोक त्यावरून माझी कीव करायचे, मला त्या दिवसांत ती सोयच वाटायची.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी ह्यांना डोळे मिटायला सांगितलं होतं आणि तळपायावरून कापसाचा बोळा फिरवला. "लागतंय का?"

"कधी लावताय?" ह्यांनी विचारलं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. म्हणाले, "दारू सुटली हे अर्धंच काम झालं. हा माणूस इतकी वर्षं जेवलाच नाही, नुसता प्यायलाय. अंगातली जीवनसत्त्वं संपली, म्हणून पाय बधिर झालेत. गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत, पण खरं औषध तुमच्या स्वयंपाकघरात आहे. याला उपाशी राहू देऊ नका. पोट रिकामं झालं की तिचीच आठवण येते. आणि परत सुरू झाली, तर पुढच्या वेळी हे चालत यायचे नाहीत."

म्हणजे तो माणूस जगणार की नाही ते माझ्या चुलीवर आलं. ठीक आहे, म्हटलं, तेही करू. नागलीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी, उकडलेली अंडी, मधल्या वेळेला गूळ-शेंगदाणे. मी रांधत होते, वाढत होते, ते खात होते. त्यात माया होती असं कुणी म्हणू नये. कारखान्यातलं यंत्र जसं पाळीत चालतं तशी मी चालत होते. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांनी त्यांची लघवी पिवळीधम्मक झाली, तेव्हा सासूबाईंनी "कावीळ झाली!" म्हणून आळी गोळा केली. मला त्याचं हसूही आलं नाही.

अंडी, दूध सगळं त्यांच्या पानात जायचं. मग सासूबाई जेवायच्या. मी मागाहून, उरलेल्या भाकरीशी मिरचीचा ठेचा लावून. आमच्यात ही रीतच होती आणि मीही ती कधी मोडली नाही. जिना चढताना मला धाप लागायची, पण आजारी घरात एकच असावा असा माझा हिशेब होता.

दिवाळीनंतर हे पुन्हा कामावर जाऊ लागले. सासूबाई गावाकडे जाऊन आल्या, ते वैद्याकडून द्राक्षासवाची मोठी बाटली घेऊनच. आमच्या द्राक्षांच्या मुलखात बाळंतीण असो, म्हातारा असो, अशक्त झालेला कुणीही असो, त्याला द्राक्षासव. त्यात काय असतं हे कुणी विचारत नसे. वैद्यानं दिलेलं, चमच्यानं मोजून घ्यायचं, म्हणजे ते औषधच. महिनाभर बरणीचं तोंड बांधून मुरवतात, हे आम्हाला ठाऊक होतं. पण मुरवतात तर लोणचंही.

"लय गुणाचं हाय," सासूबाई म्हणाल्या. "भूक लागती, रगत वाढतं." संध्याकाळच्या जेवणावर त्या स्वतःच्या हाताने लेकाला दोन चमचे पाजू लागल्या.

आणि खरंच, हे खुलले. ज्यांना गोळीची दहादा आठवण करून द्यावी लागे, ते हातपाय धुऊन दिवेलागणीलाच पाटावर येऊन बसू लागले. जेवण भराभर उरकायचे आणि फडताळाकडे बघायचे. "बघ, कसं अंगी लागतंय," सासूबाई मला म्हणायच्या. मी बघत होते. काहीतरी खटकत होतं, पण ते काय आहे ते शोधायची ताकद माझ्यात नव्हती.

मग एका संध्याकाळी सासूबाईंनी चमचा पुढे केला आणि ह्यांनी तोंड फिरवलं.

"आई, हे मला देऊ नकोस."

"का रे लेका? ग्वाड तर हाय."

"सकाळी मशिनवर उभा राहतो तेव्हापासून मी ह्याची वाट बघतो. माझ्या घशानं ओळखलंय ते."

सासूबाईंनी चमचा मागे घेतला. "म्हंजी? म्या तुला दारू पाजली व्हय?"

"नाही गं. तू औषधच दिलंस. मी ते औषध म्हणून घेत नव्हतो."

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला आणि पदराने डोळे टिपले. बाटली मोरीत ओतायचं त्यांच्या मनात येईना, वैद्याचं औषध फेकणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने पापच. शेवटी त्यांची नजर माझ्यावर आली. कितीतरी दिवसांनी त्या माझ्याकडे नीट बघत असाव्यात.

"हिला दे," त्या म्हणाल्या. "पोरगी पांढरीफटक पडलीय. आन् उद्यापासनं एक अंडं हिच्या पानात."

मला संताप आला. ह्यांच्या समोर बसून मी ते प्यायचं? रोगापेक्षा इलाज भयंकर! पण हे म्हणाले, "असू दे. कंपनीच्या गेटाबाहेर दारू तर रोजच दिसते." आणि त्यांनी स्वतः बाटली उचलली. टर्नरचा हात तो. चमचा काठोकाठ भरला, थेंबही सांडला नाही. मी तोंड उघडलं. जिभेवर गोड आलं आणि घशातून खाली ऊब उतरत गेली.

रिकामा चमचा घेऊन हे मोरीत गेले. चमच्याला अजून चिकट तांबडं लागलेलं होतं. मी ऐकत बसले. मोरीतून काहीच आवाज येईना. सासूबाईही मान खाली घालून ऐकत होत्या. माझं काळीज धडधडायला लागलं, आणि ते धडधडतंय याचंच मला नवल वाटलं.

मग राखेने घासल्याची खरखर ऐकू आली. खूप वेळ ते तो एवढासा चमचा घासत होते. मग तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज आला.

ते बाहेर आले तेव्हा मी रडत होते, हुंदके आवरत नव्हते.

"कडू लागलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, गोड आहे."

"माहितीये मला," ते म्हणाले, आणि चमचा पुसून त्यांनी फडताळात ठेवला.